खाली काय घालायचं

बाई म्हणाली, हे घाल खाली.
गॅरेजमागची ताडपत्री उचलून दाखवलं:
गोल, गुळगुळीत दगड, बदकाच्या अंड्याएवढे,
काही राखी, काही काळिजाच्या रंगाचे,
एकोणतीस उन्हाळे विनिपेग सरोवराच्या काठावरून
वॉल्डेमारने बादली-बादलीने आणलेले.
"फुकटचे आहेत. आणि दिसतातही छान."

गाडी लावायची जागा सत्तावीस फूट.
जुना स्लॅब तीन ठिकाणी दुभंगलेला,
मधला तुकडा बसकण मारलेल्या गाईसारखा
पाठ वर काढून.
पहार घालून उचकटला, तर खाली
सोलिंग नाही, वाळू नाही, काही नाही.
नुसती इथली माती,
रेड नदीने आणून टाकलेली, काळी, चिवट,
ऑगस्टात हात जाईल एवढी भेगाळते,
पाणी प्याली की फुगून बसते.
मग जानेवारी. उणे पस्तीस.
आतलं पाणी गोठतं
आणि गोठताना ते काँक्रीटला विचारत नाही.

मी म्हटलं, अगाथा, गोल दगड एकमेकांना धरत नाहीत.
दोन ठेवले तिच्या तळहातावर, वरून दाबले.
एक सटकला, गवतात गेला.
मग ट्रकमधून आणली स्टोनवॉलच्या खाणीची खडी,
फोडलेली, कोनाकोनाची, ओल्या भुकटीसकट.
आता दाब.
तिने मूठ आवळली. उघडली तेव्हा
बोटांचे ठसे घेऊन बसलेलं एक ढेकूळ
आणि तळव्यावर चार लाल ठिपके.
"टोचतात गं."
टोचतात म्हणूनच धरतात.
वाक्य चांगलं होतं. गिळलं.
नवऱ्याला पुरून सहाच महिने झाले होते तिला.

भाव ऐकून ती पायरीवर बसली.
स्वस्तात हवं तर, म्हटलं,
पाडलेल्या शाळेचा चुरा आहे,
भिंती, पायऱ्या, सगळं दळलेलं.
मधूनच सळईचा तुकडा निघतो, पण बसतो घट्ट.
"कुठली शाळा? आपली?
तिथे मी भूगोलात दोनदा नापास झाले."
जरा थांबली.
"तिच्यावर गाडी लावायला मला आवडेल."

ठरलं. खालचे सहा इंच शाळा,
वरचे तीन इंच चुनखडक.
आधी कापड, म्हणजे माती दगड गिळणार नाही.
ओरेस्त पोरगा घाईचा, सगळा ढीग एकदम ओतायला निघाला.
तीन-तीन इंच, म्हटलं. शिंपड. चोप. परत शिंपड.
वरवर घट्ट दिसतं रे,
खाली भुसभुशीत राहिलेलं कळतं तिसऱ्या हिवाळ्यात,
तेव्हा आपण दुसऱ्या गावात असतो.
यंत्राचा आवाज धप्प होता, तो टण्ण झाला,
तेव्हा बंद केलं.
माझ्या बापाची परीक्षा एकच होती:
टाच रोवायची, गिरकी घ्यायची.
खूण उमटली, तर पैसे मागायचे नाहीत.
मी घेतली. ओरेस्तने घेतली.
अगाथानेही घेतली, खांद्याला धरून, रबरी बुटात.

ढीग तसाच होता ताडपत्रीखाली.
उताराच्या बाजूला मी चर खणत होते,
भोकं पाडलेला पाइप ठेवायला,
आणि खणता खणता लक्षात आलं:
इथे मला धरणारे नकोच आहेत.
इथे पाण्याला वाट हवी,
दगडादगडात मोकळी जागा हवी.
हाक मारली. म्हटलं, आण ते.
पण धुऊन.
दोन दिवस ती नळी घेऊन एकेक दगड धूत होती.
मी घाई केली नाही. ओरेस्तलाही करू दिली नाही.

गुरुवारी काँक्रीट आलं.
अकरापर्यंत सगळं झाकलं गेलं.
आता बघणाऱ्याला एक करडी सपाट जागा.

एप्रिलमध्ये तिचा फोन.
मी मनात म्हटलं, गेला तडा.
"थांब," ती म्हणाली, "ऐक,"
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
फोन तिने पाइपाच्या तोंडाशी धरला होता.